नावेशेजारची जागा

बनारसमध्ये फोटो काढणं फार सोपं आहे, आणि तिथेच माझं बिघडलं. लग्न होऊन ब्रह्मा घाटाजवळच्या या मराठी घरात आले, तेव्हा कॅमेरा गळ्यात अडकवून मी वेड्यासारखी हिंडायचे. होड्या, साधू, पायऱ्यांवरचं कोवळं ऊन. मग एका सकाळी एका साधूसमोर गुडघे टेकले, तर दोन्ही बाजूंना तसेच कॅमेरे रोखून गुडघे टेकून बसलेले लोक. साधू इतका सरावलेला की त्याने न सांगताच फोटोसाठी मान वळवली. मला माझीच अशी चीड आली! घरी येऊन कॅमेरा कपाटात टाकला. बँकेतल्या मैत्रिणींना सांगायचे, सध्या वेळ होत नाही. वेळ होता, काही बघावंसंच वाटत नव्हतं. या परक्या गावात मला कॅमेऱ्यानेच रमवलं होतं, त्यामुळे ते फार लागायचं.

यंदाच्या चैत्रात एक गंमत झाली. माझ्या नवऱ्याच्या काकू चैत्रभर रोज सकाळी दारात चैत्रांगण काढतात. गौरीपुढची ही रांगोळी सगळी ठरलेली: सूर्य, चंद्र, शंख, कासव, गायीची पावलं. माहेरीही हेच पाहिलेलं, म्हणून मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी चपलेचा पट्टा लावायला वाकले, तर कासवाशेजारी चक्क एक नाव.

"काकू, चैत्रांगणात नाव कुठून आली?"

"लो, आज दिसली तुला! मी नवरी होऊन आले ना, तर राजघाटावरनं सगळी वरात नावेतनंच आली. म्हणून."

"आणि हे नारळाचं झाड?"

"ते सासूबाईंचं. त्या कोकणातल्या."

दिवसभर बँकेत ती नाव डोक्यातून जाईना. संध्याकाळी धावत आले, तर गाईने आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी सगळं पुसून टाकलेलं. कपाटातून कॅमेरा काढला, बॅटरी मेलेली. ती चार्जिंगला लावली आणि कितीतरी काळाने सकाळ कधी होते याची वाट बघत पडून राहिले.

मग रोजच वरच्या खिडकीतून सरळ खाली कॅमेरा धरायचा नाद लागला. काकूंचे गुडघे दुखत असले की रेघा जाड यायच्या. कासव एक दिवस गरीब, एक दिवस तिरसट. एका रविवारी सगळे फोटो एकामागून एक बघत बसले, तेव्हा दिसलं की बाकी इंचभर जागा मोकळी नसताना नावेच्या शेजारी पाऊलभर जागा रोज कोरी आहे. मला ती जागा चांगली माहीत होती. बँकेत जाताना रांगोळी मोडू नये म्हणून मी रोज तिथेच पाय टेकवत होते. काकूंनी ती त्याचसाठी ठेवली असणार, असं मी धरून चालले होते. पण मी घरी असते त्या दिवशीही ती मोकळी कशी?

काकूंना विचारलं.

"ती तुझी आहे," त्या म्हणाल्या. "या घरात सून येते ती आपली एक चीज काढते. तुला सकाळी बँकेची जल्दी. सोचलं, विचारशील कधीतरी."

"मी रोज तिथे पाय देते, तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुझीच जागा, तूच पाय ठेवतेस. मी काय बोलणार?"

मला रडू आलं. इतकी वर्षं माझ्यासाठी कुणीतरी रोज जागा धरून ठेवत होतं, आणि मी घाटावर लोकांच्या गर्दीत फोटो शोधत होते.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या शेजारी बसून रांगोळीची चिमूट धरली. एक चौकोन काढला, त्यात वेडावाकडा गोल.

"हे काय गं, गॅसची शेगडी?"

"कॅमेरा."

काकूंनी वाकून पाहिलं. "बरं. पण आता हा रोज काढावा लागेल हां."

"काढीन," मी म्हटलं आणि खरा कॅमेरा घेऊन वर खिडकीत पळाले. फोटो झाला, पर्स घेतली, दाराशी आले, तर पाय ठेवायला कुठे जागाच उरली नव्हती. शेवटी चपला हातात घेऊन उडी मारली, आणि मागे काकू खो खो हसत राहिल्या.