कलाबाई वर होत्या

पंचवटीच्या फुलबाजारात कलाबाई तिडके यांना नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. "विमानवाली आली का?" असं विचारलं की सगळे मखमलाबादच्या रस्त्याकडे बघतात. ते विमान नव्हतं, हेलिकॉप्टर होतं. सुरुवातीला कलाबाई तसं सांगायच्या. मग शेजारच्या पाटीवरच्या मंगलाबाई एकदा म्हणाल्या, "पंखा वर असला काय नि बाजूला असला काय, पडायची ती पडलीसच ना तू?" त्यानंतर कलाबाईंनी तो नाद सोडला.

पडल्या नव्हत्या त्या. सगळं भांडण त्या एका गोष्टीचंच तर होतं.

तिडक्यांचं रान मखमलाबाद गावाच्या अंगाला आहे. थोडी कोबी, थोडी मेथी, आणि बाकी सगळा गुलाब. कलाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा सासूनं पहिल्यांदा शिकवलं ते स्वयंपाकातलं काही नव्हतं. फुलांच्या वाफ्यात शिरताना चपला बांधावर काढायच्या, आणि तोडलेली फुलं ज्या कापडावर पसरली त्याच्या कडेलाही पायताण येऊ द्यायचं नाही. फूल कुठल्या देवाला जाईल, कुणाच्या वेणीत जाईल, कुणाच्या तिरडीवर जाईल, हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून ते हातात आहे तोवर आपण अनवाणी. कलाबाईंना यात काही विशेष वाटायचं नाही. श्वास घ्यावा तसं ते अंगवळणी पडलं होतं. दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवायचा आणि उजव्या हाताच्या तीन बोटांनी गाठ मारत जायचं, हेही तसंच. बोलता बोलता हार पुरा व्हायचा. बघणाऱ्याला गाठ कधी बसली ते दिसायचं नाही.

मधल्या काही वर्षांत नाशिकच्या बड्या लग्नांत एक नवं खूळ आलं. नवरा-नवरीवर वरून फुलं टाकायची, हेलिकॉप्टरातून. दिंडोरी रोडच्या एका लॉन्सवर असंच एक लग्न होतं आणि पाकळ्यांची ऑर्डर कलाबाईंना मिळाली. गुलाब त्यांचेच. पाकळ्या सुट्या करून, ओल उडवून, पाट्यांत भरून त्या स्वतः घेऊन गेल्या. लॉन्सच्या मागच्या शेतात हेलिकॉप्टर उभं होतं. भोवती दोरी बांधलेली, जवळ हेलिकॉप्टर कंपनीचा एक पोरगेला माणूस, चंदर, शिट्टी फुंकत उभा. कलाबाईंनी हेलिकॉप्टरला हळदकुंकू वाहिलं, एक फूल ठेवलं, नमस्कार केला. कुणी सांगितलं नव्हतं. नव्या ट्रॅक्टरला करतात, मग याला का नको?

फुलं टाकायचा मान नवरीच्या मामांचा. मामा फेटा बांधून, गॉगल लावून आले. चढले. कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. पायलटनं यंत्र सुरू करून बघितलं, पंखा घरघरला, आणि मामांच्या तोंडचं पाणी पळालं. कॅमेरा नवरीकडे वळला तेवढ्यात ते खाली उतरले आणि रुमालानं मान पुसत म्हणाले, "मला ब्लडप्रेशर आहे." मुहूर्त जवळ आलेला. पायलट ओरडत होता, कुणीतरी बसा, फुलं काय मी टाकू का? मामांनी इकडेतिकडे पाहिलं. नजर पाट्यांशी उभ्या असलेल्या बाईवर थांबली.

"मावशी, तुम्ही बसता का?"

कलाबाई आयुष्यात एस.टी.पेक्षा मोठ्या गाडीत बसल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "बसते की. फुलं माझीच हायेत."

त्या चढल्या, वर गेल्या, मांडवावर मूठमूठ पाकळ्या सोडल्या. खाली माणसं हात वर करून नाचत होती. परत उतरताना हेलिकॉप्टरचा एक पाय पाणी दिलेल्या भुसभुशीत जमिनीत रुतला. यंत्र कलंडलं, जोरात आदळलं. पट्ट्यानं कलाबाईंना धरून ठेवलं, पण उजवा हात दाराच्या चौकटीत सापडला. मनगटाचा चुरा झाला. डॉक्टरांनी पट्टी घालून, स्क्रू बसवून हात जागेवर आणला. बोटं मात्र पूर्वीसारखी वळली नाहीत. दोरा अंगठ्याला लागायचा, आणि गाठ यायची नाही.

हात गळ्यात बांधलेला असताना कंपनीच्या ऑफिसातला माणूस पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरी आला. कागद पुढे करून म्हणाला, "ताई, दवाखान्याचं सगळं आम्ही बघू. माणुसकी म्हणून. फक्त इथं सही करा."

"काय लिव्हलंय?"

"हेच, की हेलिकॉप्टर उतरल्यावर तुम्ही पाट्या घ्यायला दोरीच्या आत धावलात आणि पडलात."

कलाबाईंना आधी वाटलं, त्याची गफलत झाली. "दादा, मी आत व्हते. वरून आले."

"आत मामासाहेब होते, ताई. यादीत त्यांचं नाव आहे. ते स्वतः सांगतात."

तेव्हा कुठं त्यांना कळलं. मामांनी साऱ्या भावकीत सांगितलं होतं की फुलं मीच टाकली, आदळलो तरी केस वाकडा झाला नाही. लग्नाच्या व्हिडिओतही मामा चढताना दिसत होते, कारण ते खरंच एकदा चढले होते. पायलट नोकरी सोडून परदेशी गेलेला. मामांचा मान आणि कंपनीची सोय अगदी एकमेकांत बसली होती, आणि त्या दोघांच्या मध्ये कलाबाई कुठं मावतच नव्हत्या.

त्यांनी पेढ्यांचा बॉक्स डाव्या हातानं परत सरकवला. "माणुसकी तुमच्याकडंच राहू द्या. मी वर व्हते, तेवढं लिहा. मंग बघू."

माणूस गेल्यावर भिमाजी, त्यांचे यजमान, त्यांच्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "कोर्टकचेरी लय लांबती म्हणतात."

"लांबू द्या."

"नाय, मी काय म्हणतो, दवाखाना तर सुटला असता."

"आवो, हात मोडला त्याचं मला वाईट वाटतंच. पर मी वर गेलेच नाय म्हणून सही करायची? उद्या म्हणतील, गुलाब पण तुझे नव्हते."

भिमाजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मंग वकील बघावा लागंल," ते म्हणाले.

वकील मिळाली ती नाशिक रोडची दीपमाला. वय फार नाही, आवाज बारीक, पण डोळे समोरच्यावरून हलत नसत. तिनं सोप्या भाषेत सांगितलं. आत बसलेल्या माणसाला इजा झाली तर कंपनीला कायद्यानं भरपाई द्यावी लागते, त्यात मेहेरबानी नसते. दोरी ओलांडून धावलेल्या माणसाला मात्र तुझीच चूक म्हणता येतं. "तेव्हा मावशी, आपल्याला एकच गोष्ट ठरवून घ्यायची आहे. तुम्ही आत होता."

"ठरवायचं काय त्यात? व्हतेच."

"ते तुम्हाला माहीत आहे. कोर्टाला अजून माहीत नाही. आणि निकाल लागेपर्यंत बाजारात वर गेल्याच्या गप्पा मारत बसू नका. कोण कुठं काय फिरवून सांगेल, नेम नाही."

हे दुसरं कलाबाईंना फार जड गेलं. तारखा पडत राहिल्या. त्या सीबीएस स्टँडपाशी उतरून कोर्टात जायच्या, बाकावर बसायच्या, पुढची तारीख घेऊन परत यायच्या. बाजारात मंगलाबाई डिवचायच्या, "खरंच गेलीस का गं वर? का आमच्यासारखीच खालून बघत व्हतीस?" कलाबाई डाव्या हातानं गाठ मारायला शिकत होत्या. मान वर न करता म्हणायच्या, "कोर्ट सांगंल." हार पूर्वीच्या निम्म्यानंही होत नव्हते, पण त्यांनी जागा सोडली नाही. पहाटे पाटी लागायची ती लागायचीच.

शेवटी त्यांची साक्ष निघाली. कंपनीचे वकील वयस्कर होते, बोलायला गोड. त्यांनी विचारलं, "बाई, अपघातानंतर तुमच्या चपला कुठं सापडल्या?"

"बाहेर. शेतात."

"म्हणजे हेलिकॉप्टरच्या बाहेर?"

"हो."

"तुम्ही आत, आणि चपला बाहेर? त्या काय तुमची वाट बघत थांबल्या होत्या?"

मागं कुणीतरी हसलं. कलाबाई म्हणाल्या, "फुलं मांडीवर घ्यायची व्हती. चपला घालून कसं बसणार?"

"हेलिकॉप्टरात चढताना चपला काढल्या! देवळात चालला होता का?"

यात न समजण्यासारखं काय आहे, हेच कलाबाईंना समजेना. बाहेर आल्यावर दीपमालानं कपाळावर हात मारला. "मावशी, चपला का काढल्या हो? पायात असत्या तर आज केस संपली असती."

"पोरी, पुन्हा बसवलं तरी काढीन."

दीपमाला फाईल बगलेत धरून विचार करत जिना उतरली.

पुढच्या तारखेला कंपनीनं आपला साक्षीदार आणला. तो शिट्टीवाला चंदर. सिन्नरकडचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, सारखा घाम पुसणारा. त्यानं पाठ केल्यासारखं सांगितलं: बाई दोरीच्या आत धावल्या, पडल्या, चपला तिथंच राहिल्या. मग दीपमाला उठली.

"चंदर, पंखा जोरात फिरायला लागला की वारा किती होतो?"

"लय. मांडवाचे पडदे फाटले व्हते. नवरदेवाच्या आजोबांचा फेटा गेला उडून."

"सापडला?"

"द्राक्षाच्या बागंत."

न्यायाधीश मॅडमही किंचित हसल्या. दीपमाला हसली नाही. "आणि मावशींच्या चपला? रबरी होत्या ना? चांगल्या हलक्या?"

"हो, सपाता."

"फेटा द्राक्षात गेला आणि सपाता जागेवर राहिल्या?"

"त्यांच्यावर वीट व्हती ना."

"कुणी ठेवली? तुम्ही?"

"मी कशाला ठेवू?" चंदरला जरा रागच आला. "मी म्हटलं, मावशे, वाऱ्यानं चपला जातील. तर त्यांनी मांडवाजवळची वीट आणली, चपला जोडीनं लावल्या, वर वीट ठेवली, आन् मंग चढल्या."

कंपनीचे वकील अर्धवट उठले होते, ते तसेच राहिले. मॅडमनी पेन खाली ठेवून विचारलं, "कुठं चढल्या?"

चंदरनं आधी वकिलांकडे पाहिलं, मग कलाबाईंच्या हाताकडे. तो वाकडा हात त्यांनी पदराखाली घेतला नव्हता.

"हेलिकॉप्टरात, मॅडम," तो हळू म्हणाला. "मामा उतरले व्हते. मावशीच गेल्या."

बाहेर आल्यावर दीपमाला म्हणाली, "अहो, वीट ठेवल्याचं मला एका शब्दानं बोलला नाहीत!"

"तू इचारलं कुठं? चपला का काढल्या, का काढल्या, तेवढंच लावलं व्हतं. चपला काढल्या की सांभाळायच्या असत्यात, त्यात सांगायचं काय?"

चंदर गेटपाशी उभा होता. कलाबाई त्याच्याजवळ गेल्या. त्याला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "नोकरी जाईल का रं तुझी?"

"बघू मावशे. दुसरी बघंन."

"ये मग एकदा मखमलाबादला. फुलं तोडायला माणूस लागतोच." तो हसला, आणि त्यांनीही हसून घेतलं.

निकाल उन्हाळ्यात लागला. कलाबाई हेलिकॉप्टरमधल्या प्रवासी होत्या आणि कंपनीनं त्यांना भरपाई द्यावी, असं मॅडमनी वाचून दाखवलं. पुढचं बरंच काही कलाबाईंच्या कानावरून गेलं. कॉरिडॉरमध्ये त्यांनी दीपमालाला थांबवलं. "ते पहिलं पुन्हा वाच."

"कुठलं?"

"मी कोण व्हते ते."

दीपमालानं वाचलं. भिमाजींनी टोपी काढून हातात धरली, वाचून संपेपर्यंत घातली नाही. मग दीपमाला म्हणाली की कंपनी कदाचित वर अपील करेल. "करू दे," कलाबाई म्हणाल्या. "तिथं पण हेच सांगंन. काय बदलणार हाये?"

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या रोजच्यासारख्या बाजारात आल्या. भिमाजींनी गाडीवरून पाट्या उतरवल्या. बातमी आधीच पोचली होती. चहा आला, कुणीतरी पेढे आणले, आणि कलाबाईंनी या वेळी ते घेतले. मंगलाबाई आपली पाटी सोडून जवळ येऊन बसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली होता.

"कला, आता तरी सांग. वर काय दिसतं गं?"

आजूबाजूच्या चार-पाच बायांनी हात थांबवले. कलाबाईंनी घाई केली नाही. चहा संपवला.

"पहिलं तर काहीच वळखू येईना," त्या म्हणाल्या. "गोदामाई दिसली, म्हशीनं अंग टाकावं तशी, कुठं रुंद, कुठं बारीक. समदी रानं सारखीच. म्हटलं, आपलं कोणतं? वाळत घातलेल्या लुगड्यांत आपलं लुगडं शोधावं तसं चाललं व्हतं. लॉन्सवरची माणसं वर बघत व्हती, रस्त्यावरची गाड्या थांबवून वर बघत व्हती, बागंतले मजूर वर बघत व्हते. आन् एका रानात एक माणूस खाली वाकून पाणी देत व्हता. डोक्यावर एवढं यंत्र घरघरतंय, पर त्यानं मान म्हणून वर केली नाय."

"मग?"

"मग काय. म्हटलं, हे आमचंच रान."

बाया खदखदून हसल्या. भिमाजी रिकामी पाटी गाडीला बांधत होते, ते तिथूनच म्हणाले, "मला काय ठावं, वर कोण हाये ते?"

"आता कळलं ना?" कलाबाई म्हणाल्या.