नखांचा दिवा

नखाला दिवा लागतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर मी रस्त्यावरचे दिवे आखायची. खांबाची उंची किती, उजेड कुठवर सांडतो, यातच भोसरीच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी सरली. मग तयार दिवे बाहेरून स्वस्तात यायला लागले आणि कंपनीने आम्हाला स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कुणाची, ते विचारू नका.

विश्रांतवाडीत आमच्या इमारतीच्या खाली एक गाळा आहे. तिथे नखांचं पार्लर निघालं तेव्हा मी नाक मुरडलं. नखांसाठी कुणी दुकानात जातं का? पण गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेल्या मुली तिथे तासतासभर बसायच्या, आणि काचेतून जांभळा उजेड दिसायचा. दिवा म्हटलं की मला दम निघत नाही. शिरले आत.

"या नं ताई. नखं करायची?" दुकानाची मालकीण तिशीच्या आतली, नागपूरकडची. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीपायी पुण्यात आलेली.

"नखं राहू देत. दिवा दाखव."

तिने दाखवला. नखावर जेल नावाचा रंग लावायचा. तो वाऱ्यावर वाळत नाही, जांभळ्या उजेडाच्या पेटीत हात घातला की मिनिटभरात दगड होतो. वा! मी तिला तेवढ्या वेळात चाळीस तरी प्रश्न विचारले असतील. तिच्या टेबलावर चार उपकरणं आणि वायरींचा नुसता गुंता होता. कामाचा पांढरा दिवा वेगळा, भिंग वेगळं, घासलेल्या नखांची धूळ ओढणारा पंखा वेगळा आणि ही पेटी वेगळी. पेटी इतकी दुबळी की रंग कधी कडक व्हायचा, कधी नाही.

मग तिच्या बोटांकडे लक्ष गेलं. उजव्या हाताची टोकं लाल झालेली, चिरा पडलेल्या. कच्चं जेल कातडीला लागून तसं होत होतं. डॉक्टरांनी तीन महिने दिले होते. तेवढ्यात बरं झालं तर ठीक, नाहीतर हे काम सोडा.

"दुकान माझं आहे, ताई," ती म्हणाली. "नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं नाही. माझं."

तिथेच मी कामाला लागले. चारही कामं करणारं एकच उपकरण करायचं. वर वळणाऱ्या दांडीवर भिंग आणि पांढरा दिवा, खाली जांभळी पेटी, मागे पंखा. आतला चकचकीत पत्रा कसबा पेठेतल्या एका कारागिराकडून ठोकून आणला. त्याने तो उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "काय हो बाई, बाहुलीची भट्टी काढताय का?" मी म्हटलं, हो, बाहुलीला थंडी वाजते.

पेटीचा मला फार अभिमान होता. जुन्या पेटीत मालकीण गिऱ्हाइकाला आधी चार बोटं ठेवायला लावायची आणि अंगठा मागून वेगळा. मी म्हटलं, हा काय वेळखाऊपणा? माझ्या पेटीत पाचही बोटं एकदम. वेळ भरली की शिट्टी वाजायची आणि हिरवा दिवा लागायचा. हिरवा लागला म्हणजे रंग पक्का, विषय संपला.

महिना झाला. तिची बोटं बरी होण्याऐवजी जास्तच फुटली. मी वही घेऊन तिच्यासमोर तीन दिवस ठाण मांडून बसले, आणि तेव्हा दिसलं. हिरवा दिवा लागल्यावरही ही बाई प्रत्येक नख आपल्या बोटाने दाबून बघत होती!

"हात का लावतेस?"

"पाक झाला का पाहतो नं, तसं." तिची आई लाडू करून विकायची. पाक दोन बोटांत धरून तार बघायची सवय घरातलीच.

"मग हातमोजे घाल की!"

"मोज्यातून कळत नाही."

"अगं, पण दिव्यावर भरवसा नाही का तुझा?" माझा आवाज चढलाच.

"दिवा तुमचा आहे, ताई. गिऱ्हाईक माझं आहे. नख निघालं तर तोंड मला दाखवायचंय."

मी फणफणत घरी आले. रात्रीच्या वरणाला फोडणी देताना डोकं थंड झालं. पाक बोटानेच बघतात असं थोडंच आहे? माझी सासू थेंब पाण्याच्या वाटीत टाकून बघायची. मग हिलाही बघायला एक थेंब द्यायला हवा. मी पेटीत एक खाच पाडली आणि तिच्यात प्लॅस्टिकचं नकली नख बसवलं. त्याच्यावरही तोच रंग लावायचा, आणि मग टोकदार काडीने टोचायचं ते नकली नख. खाच अंगठ्याजवळ पाडली, कारण जागा तिथेच होती, आणि नकली नख अंगठ्यासारखंच आडवं बसलं.

पहिल्याच दिवशी काडी आत रुतली, म्हणजे रंग कच्चा.

"थर जाड दिलास," मी तिच्यावर डाफरले. तिने पातळ दिला. पुन्हा रुतली. तेव्हा मी खाली वाकले, गाल टेबलाला टेकवला आणि पेटीत डोकावले. चार बोटांची नखं छताकडे बघत होती. अंगठ्याचं नख भिंतीकडे बघत होतं, आणि माझे सगळे दिवे छतात होते. हाताची पाचही बोटं सारखी नसतात हे आपण उठसूट लोकांना ऐकवतो. मी मात्र पाचांवर वरून एकच उजेड सोडला होता. हिरवा दिवा महिनाभर खोटं बोलत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन्ही बाजूंना दिवे बसवले, अंगठ्याला तिरका टेकू दिला. काडी रुतायची थांबली. हळूहळू तिचं दाबून बघणंही थांबलं, आणि ती हातमोजे घालायला लागली.

तीन महिने भरल्यावर डॉक्टरांनी काम चालू ठेवायला सांगितलं, पण मोजे कायमचे. सांगायला ती वर आमच्या घरी आली. नव्या कातडीची बोटं टेबलावर पसरून बसली. मी खूश होते, आणि मनात होतं ते एकदाचं कबूल केलं. म्हटलं, "तुझं बोट खरं होतं गं. अंगठा कच्चाच राहत होता."

"माहीत होतं नं, ताई. पहिल्या दिवसापासून अंगठा मऊ लागायचा. वाटलं, माझंच काही चुकत असेल."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इंजिनियर. हिरवा लागला म्हणजे पक्का, म्हणाल्या होत्या." ती सहज बोलत होती, रागाने नाही. "आणि तुम्ही विचारलं, हात काऊन लावते. हाताला काय लागते, ते कुठं विचारलं?"

माझ्या वहीची तीन पानं प्रश्नांनी भरली होती. हा एक त्यात नव्हता, आणि तो मी न विचारल्यामुळे महिनाभर तिने फुटलेल्या बोटांनी काढला होता.