एल्वीचा पासपोर्ट आणि माझ्या आईबापाचं लग्न

एल्वीबद्दल माझ्या तोंडून चांगलं निघणार नाही, हे आधीच सांगते. माझी चुलत बहीण, माझ्याहून चार महिन्यांनी मोठी. इथे कॅनडात, थंडर बेमध्ये आमच्या फिन्निश लोकांत कुणालाही विचारा, एल्वी म्हणजे गुणांची खाण. तिचा वेलचीचा पाव फुगतो, माझा बसतो. तिचा नवरा पेपर मिलमधून पेन्शन घेऊन घरी आला, माझा लाकूडतोडीच्या कॅम्पात झाडाखाली सापडून गेला. चर्चमध्ये पहिल्या बाकावर तीच. दर बुधवारी वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्यांना फिन्निश पेपर वाचून दाखवते, आणि एकाहत्तराव्या वर्षीही मेलीला चष्मा लागत नाही. आता मी जळू नको तर काय करू?

त्यात तिला फिनलंडचं नागरिकत्व मिळालं. आई किंवा बाप फिन्निश, पण स्वतः बाहेर जन्मलेल्या आमच्यासारख्यांना तेव्हा अर्ज करायची सवलत होती. मुदत २००८च्या मे अखेरपर्यंत. एल्वीने आईबापाच्या चर्चमधल्या लग्नाचा दाखला जोडला आणि काम फत्ते. सोमवारी आम्ही बायका कॉफीला जमलो, तर बाईसाहेबांनी लालभडक पासपोर्ट पॅनकेकच्या बशीशेजारी ठेवला.

"फोटोसुद्धा किती छान आलाय गं!" लायला म्हणाली.

माझा तिळपापड झाला. मला फिनलंडला जायचं नव्हतं, कोण आहे माझं तिथे? पण माझी आई मरेपर्यंत इंग्रजीत दूध मागायला शिकली नाही. तिची मुलगी परकी आणि एल्वी तेवढी फिन्निश? दुसऱ्याच दिवशी मी अर्ज आणला.

अडचण एकच होती. आमचे बाप सख्खे भाऊ, पण तिचा चर्चचा आणि माझा कामगारांच्या हॉलचा. हॉलवाल्यांच्या लेखी पाद्री म्हणजे मालकाचा माणूस. माझ्या आईबापाने पाद्रीपुढे उभं राहायला साफ नकार दिला, हॉलमध्ये चार मित्रांना कॉफी पाजली आणि संसार मांडला. तीस वर्षं गुण्यागोविंदाने राहिले. हॉलमध्ये याचं कौतुक होतं, पण शाळेच्या अंगणात अशा पोरांना जे म्हणत ते मला नको होतं. मग मी सगळ्यांना सांगत आले, लग्न निपिगन गावी झालं. नवऱ्यालाही तेच सांगितलं आणि माझ्या मुलीला, कॅरनलाही. खरं फक्त एल्वीला माहीत. आठ वर्षांची असताना मीच तिच्यापाशी रडत बोलून बसले होते, अक्कल गहाण टाकून. तेव्हापासून मला वाटायचं, हिच्या हातात माझ्यासाठी काठी आहे, कधी मारेल नेम नाही.

अर्जात मी लिहिलं, "लग्न निपिगन, १९३४." तीन आठवड्यांनी पत्र आलं, लग्नाचा दाखला पाठवा. कुठून पाठवणार, कपाळ!

शनिवारी नेहमीप्रमाणे एल्वीच्या सॉनात, वाफेच्या खोलीत गेले. तापल्या दगडांवर पाणी ओतत ती म्हणाली, "साइमी, खरं लिही. बापाकडून मिळायला लग्न लागतं. लग्न नसेल तर मूल आईचं. काकू फिन्निशच होती ना? तिच्याकडून मिळेल तुला. मी कॉन्सुलच्या कचेरीत विचारून आलेय."

सॉनात आवाज चढवायचा नाही, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं. मी ओठ चावत बसले. पायरीवर वाऱ्याला आल्याबरोबर मात्र टॉवेल गुंडाळून सुरू झाले.

"हेच हवं होतं ना तुला? माझ्या आईची अब्रू सरकारी कागदावर? नाव घेऊन विचारलंस तिथे?"

"नाव कशाला घेऊ? अगं, दहा दिवस राहिलेत."

"मोजतेयस वाटतं! तुझा पासपोर्ट तुलाच लखलाभ."

नऊ दिवस मी धुमसत काढले. आईचा फोटो भिंतीवरून बघायचा. ती बिचारी कधी कुणाला घाबरली नाही, घाबरले ती मी. शेवटच्या दिवशी कॅरनला म्हटलं, गाडी काढ. वाटेतच तिला सगळं सांगून टाकलं. "आई, एवढंच?" ती म्हणाली. कचेरीत मी नवीन अर्ज भरला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, "लग्न झालेलं नाही." तो मंजूर झाल्याचं पत्र पुढे सप्टेंबरात आलं.

पण त्या दिवशी माझं काम संपलं नव्हतं. एल्वीची काठी मला काढून घ्यायची होती. तडक कॉफीच्या टेबलापाशी गेले. सगळ्या होत्या. कोटही न काढता म्हणाले, "ऐका. माझ्या आईबापाचं लग्न कधी झालंच नव्हतं. आज लिहून दिलंय. एल्वीने तुमच्या कानावर घातलंच असेल म्हणा."

लायलाने कप खाली ठेवला.

"एल्वीने? काहीतरीच काय! पन्नास वर्षांपूर्वी चर्चमध्ये कुणीतरी तुझ्या आईबद्दल कुजबुजलं, तर एल्वी ताडकन उठली. म्हणाली, निपिगनच्या लग्नाला माझे आईवडील साक्षीदार होते. पाद्रीसमोर म्हणाली, बायबलवर हात ठेवून. त्यानंतर कुणाची ब्र काढायची हिंमत झाली नाही."

एल्वी मान खाली घालून बशीतले पावाचे कण बोटाने गोळा करत होती. "बस गं," ती म्हणाली, "कॉफी निवतेय."

मी बसले. जन्मभर एकाच गोष्टीत मी तिच्या पुढे होते असं मला वाटायचं, की मी खोटं बोलू शकते आणि ती बोलू शकत नाही. तिथेही मेलीने मला मागे टाकलं होतं, आणि तेही माझ्यासाठी.