दसऱ्याचा हार आणि धुळ्याची तारीख

मी जळगावात ड्रायव्हिंग क्लास चालवतो. नंबरप्लेट स्वच्छ दिसली पाहिजे, हे मी शिकणाऱ्यांना इतक्यांदा बजावलंय की ते माझी नक्कल करतात. आणि धुळ्यात नेमकी माझीच गाडी अडवली, कारण पुढची नंबरप्लेट झेंडूच्या हाराखाली झाकली होती. हार दसऱ्याला आईने बांधलेला. तो सोडायचा नाही, आपोआप गळून पडेपर्यंत राहू द्यायचा, ही आमच्या घरची रीत. दुसऱ्या दिवशी धुळ्याला बहिणीकडे आपट्याचं सोनं द्यायला निघालो तो तसाच.

दंड भरून मोकळा झालो असतो, पण माझ्यातला मास्तर अडून बसला. गुन्हा कबूल केला तर क्लासवर कोणत्या तोंडाने उभा राहू? वाद घातला, प्रकरण कोर्टात गेलं. एवढ्याशा हारासाठी वकील कशाला, म्हणून मीच उभा राहायचं ठरवलं.

तयारी मात्र जोरात. चार पानी भाषण लिहिलं. श्रद्धा, परंपरा, मातृभक्ती, काही म्हणता काही सोडलं नाही. गाडीचे कागद आणि हाराचे फोटो फाईलला लावले. तारखेच्या आदल्या रविवारी आईलाच न्यायाधीश केलं. ती अंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर भरताची वांगी भाजत होती. दोष हाराचा, म्हणजे पर्यायाने तिचाच, हे मी अर्धा तास फिरवून फिरवून सांगितलं.

तिने वांगं उलटवलं. "हार मीच बांधला. पन गाडी काढाच्या आधी तू तिच्या भवती फिरला नव्हता का?"

बसण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारायची, हा माझ्या क्लासचा पहिला धडा. ओट्यावर बसून तिने तो वर्षानुवर्षं ऐकलेला. मला लाज वाटली आणि हसूही आलं. भाषण वांग्यांखाली सारलं.

तारखेला लेकीला भेटायच्या निमित्ताने ती सोबत आलीच. मागच्या बाकावर गप्प बसायचं, असं मी तिच्याकडून वदवून घेतलं होतं. पुकारा झाला, गुन्हा कबूल आहे का विचारलं, मी हो म्हणालो.

"काम काय करता?" साहेबांनी विचारलं.

या प्रश्नाची तयारीच नव्हती. "ड्रायव्हिंग शिकवतो."

कोर्टात हशा पिकला. मला मान वर करवेना. तेवढ्यात मागे आई उभी राहिली.

"पन शिकवतो चांगलं तो, साहेब."