एक बांधी जुन्या धानाची

लाखांदूरच्या एसटी स्टँडसमोर कम्प्युटरचं दुकान थाटून, "चालून राहिला ना? मंग हात कायले लावता?" असं गिऱ्हाइकालाच दटावणारा दुकानदार मी एकच पाहिला. बांधीमामा. धानाच्या शेताच्या तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात. जगातली कुठलीही गोष्ट बांधीत उतरवल्याशिवाय मामांना समजावता येत नसे, म्हणून हे नाव.

कॉलेजात असताना मी त्यांना विचारलं, कम्प्युटरमधला कर्नल म्हणजे काय? सगळा कम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा वगैरे पुस्तकी उत्तर मला पाठ होतं. मामा म्हणाले, "घरचा कारभारी हाय थो. नवा आणला का थो कोणाले वळखते, कोणाले नाही, भरोसा नाही. मनून जुन्याले लगेच हाकलाचं नाही. नवीन वाण लावतानी एक बांधी जुन्या धानाची ठेवतोच ना आपण?"

पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान! नवा कर्नल आल्याचं कळलं की मामांच्याच हाताला खाज सुटायची. अगरबत्ती लागायची, नारळ फुटायचा, आणि मामी कपाळाला हात लावायच्या.

दिवाळीनंतर गावात मंडई भरते. लेकी-जावई, पाहुणे येतात आणि रात्री नाटक होतं. नाटकातली गाणी, विजेचा कडकडाट, घोड्याच्या टापा, सगळं मामांच्या कम्प्युटरमधून निघे. त्या वर्षी मामांचा सिहोऱ्याचा नवा जावई पहिल्यांदाच मंडईला आलेला. "आमच्यासारखा आवाज झाडीपट्टीत कोणाचाच नाही," असं मामा त्याला सकाळपासून ऐकवत होते.

दुपारी जावयाला कर्तब दाखवायला मामांनी नवा कर्नल चढवायला घेतला. जागा नाही, असं कम्प्युटर म्हणाला. जावयासमोर अडायचं कसं? मामांनी बेधडक जुना कर्नल पुसून टाकला. नारळ फुटला, कम्प्युटर झोकात सुरू झाला. चित्र आलं, गाणं लावलं, आवाज मात्र नाही. नव्या कारभाऱ्याला आवाजाची ओळखच नव्हती, आणि जुना तर मामांनी स्वतःच्या हातानं घालवलेला.

मामांचा चेहरा पाहवत नव्हता. "जावई सिहोऱ्यात जाऊन काय सांगन?" एवढंच ते पुटपुटत होते. शेवटी मामीच म्हणाल्या, "कम्प्युटर नव्हता तवा तुमीच करत होते ना आवाज? आता काय हात मोडले?"

नाटकात वीज कडाडली ती जुन्या पत्र्यावर. तो पत्रा विंगेत खुद्द जावई घामाघूम होऊन हलवत होता. दुपारी फोडलेल्या नारळाच्या करवंट्या आपटत मामांनी असा घोडा उधळला की लोकांनी वन्स मोअर दिला. गाणी पेटीवाल्यानं सांभाळली. सकाळी चहा घेताना मामा जावयाला ऐटीत म्हणाले, "पाहा, एक बांधी ठेवली होती मनून वाचलो." मामींनी पुन्हा कपाळाला हात लावला.

मामा गेले तेव्हा मी नागपुरात एका कम्प्युटर कंपनीत नोकरीला होतो. धावत गेलो आणि लहान पोरासारखा रडलो. निघताना मामींनी हातात एक पिशवी दिली. "कम्प्युटर जावयानं नेला. हे तुमाले द्या मनले होते."

आत त्या करवंट्या होत्या. आता त्या ऑफिसात माझ्या टेबलावर असतात. नवा कर्नल चढवायचा दिवस असला की टीममधलं कुणीतरी त्या वाजवतं, आणि मी विचारायच्या आतच सगळे ओरडतात, "जुना ठेवलाय, सर!"