थेंबभाऊंचा उघडा राहिलेला नळ

थेंबभाऊ हे नाव त्यांनी स्वतःच्याच तोंडाने ओढवून घेतलं होतं. नळाचं काम उरकलं की कमरेवर हात ठेवून म्हणायचे, "आता एक थेंब जरी गळला तरी मला बोलवू नका, दुसऱ्या कुणाला बोलवा." आणि खरंच गळायचा नाही हो. हातच तसा होता. आटे नीट बसले की नाही, ते बघावं लागायचं नाही, बोटांनाच कळायचं. काम चोख, जीभ लांब, आणि नाकाचं तर काय सांगावं! ते त्यांच्या आधी दारातून आत यायचं.

त्या नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या एकाच शब्दाने. विमा.

"ज्याला पाना धरता येत नाही त्याने काढावा विमा," ते बायकोला म्हणायचे. "मी काय लोकांच्या घरात पूर आणणार आहे?"

"तुमच्या हाताला कोण नावं ठेवतंय?" ती म्हणायची. "पाना तुमच्या हातात असतो, पण गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह सगळ्या बिल्डिंगच्या हातात असतो."

ती उगाच बोलत नव्हती. तिचे वडील सुतार होते. त्यांनी ठोकलेली एक फळी एका गिऱ्हाइकाच्या काचसामानावर कोसळली होती, आणि ते भरून देता देता त्यांचं दुकान उठलं होतं. तेव्हा ती लहान होती, पण वडिलांची अवजारं हातगाडीवर चढताना तिने दारातून बघितली होती. थेंबभाऊंच्या कामांचे फोन तीच घ्यायची, बिलंही तीच करायची. एक दिवस तिने धंद्याचा विमाही काढला. काम करताना यांच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं, तर कंपनी भरून देणार. थेंबभाऊंनी सही केली, पण पेन असं धरलं की जणू कुणी मेलेलं झुरळ हातात दिलंय.

मग ती सकाळ आली.

एका मास्तरीणबाईंच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात सिंकचा नळ बदलायचा होता. बाई किल्ली देऊन शाळेत गेल्या. थेंबभाऊंनी गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, खाली येऊन जुना नळ पूर्ण उघडला आणि पाइपातलं उरलंसुरलं पाणी सांडून दिलं. बारीक स्क्रू आत पडू नयेत म्हणून सिंकच्या जाळीवर फडकं दाबून बसवलं. सगळं अगदी रीतसर. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की नव्या नळाचे आटे भलत्याच मापाचे आहेत. बदलून आणायला ते दुकानात गेले.

कोरडा नळ बघून तो उघडा आहे की बंद ते कळत नाही. परक्याला कळत नाही, आणि घाईत असला तर नळवाल्यालाही कळत नाही. त्यात दुकानदाराने यांना विचारलं की हल्लीचे नळ टिकत का नाहीत. झालं! थेंबभाऊंना बोलायला विषय मिळाला.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा अंगाला साबण लावून बसलेले, आणि पाणी गायब. बिचारे टॉवेल गुंडाळून तसेच गच्चीवर गेले आणि व्हॉल्व्ह फिरवून आले.

मास्तरीणबाईंच्या खाली तळमजल्यावर शिवणकाकूंचं दुकान होतं. शाळा उघडायच्या बेताला होत्या. गणवेशांचे गठ्ठे टेबलावर घड्या घालून तयार, शेजारी कापडाचे ताके, आणि मधोमध मोटरचं नवं शिलाई मशीन. काकूंनी आधी डोक्यावर काही पडलं म्हणून वर पाहिलं. मग छताने जी धार धरली ती थांबेचना.

थेंबभाऊ नवा नळ हातात घेऊन परत आले तेव्हा गणवेशांचा निळा रंग पांढऱ्या शर्टांवर उतरत होता. ते धावत गच्चीवर गेले, व्हॉल्व्ह बंद केला आणि खाली येऊन दुकानाच्या दारात उभे राहिले. तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काहीच बाहेर पडलं नाही.

बायको आली ती कंपनीला फोन लावतच. पलीकडून सांगितलं: फोटो काढा, भिजलेलं काही फेकू नका, आमचं माणूस बघून जाईपर्यंत कुणाशी देण्याघेण्याचं बोलू नका.

"थेंबभाऊ," काकू ओला शर्ट पिळत म्हणाल्या, "एरवी तुमचं तोंड बंद करायला माणूस लावावा लागतो. आज काय झालं?"

थेंबभाऊंनी बायकोकडे पाहिलं.

"काकू, ते बोलतील," बायको म्हणाली. "कंपनीचं माणूस येऊ दे तेवढं."

"म्हणजे टोलवाटोलवी सुरू झाली म्हणायची," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पाठ फिरवली. "ही ऑर्डर हातची गेली तर पुढच्या वर्षी शाळा मला दारात उभं करणार नाही. एवढं लक्षात ठेवा."

संध्याकाळी बायकोचा भाऊ आला. तो वायरमन. दुसऱ्याच्या अडचणीत त्याला फार सुचायचं.

"दाजी, सोपं आहे," तो खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाला. "सांगून टाका की पाइप फुटला. पाइप जुनाच आहे, कोण बघायला जातंय? नाहीतर त्या आजोबांवर ढकला. व्हॉल्व्ह त्यांनी उघडला ना?"

थेंबभाऊंचे डोळे जरा चमकले. पाइप फुटला म्हटलं की नाव शाबूत. गल्लीत मान वर करून फिरता येईल.

"वा रे शहाण्या," बहीण म्हणाली. "पाइप आपोआप फुटला तर कंपनी म्हणेल, मग तुमच्या हातून काय झालं? काही नाही. मग आम्ही कशाला भरू? आणि काकूंनी काय करायचं, छताकडे पैसे मागायचे?"

"पण ताई..."

"पण नाही नि बिण नाही. विमा यांच्या चुकीचा काढलाय. पाइपाचा नाही."

थेंबभाऊ म्हणाले, "म्हणजे काकूंचं भरून निघायला हवं असेल, तर मी चुकलो असं मला गल्लीभर सांगावं लागणार?"

"गल्लीभर कशाला? कंपनीच्या बाईंना सांगा," बायको म्हणाली. "गल्ली काय, दारात उभी राहून ऐकेलच."

ऐकलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहणीला आलेल्या बाई दुकानात शिरल्या तेव्हा दाराशी अर्धी बिल्डिंग जमली होती. बाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी बूट बाहेर काढले, छत पाहिलं, मशीन पाहिलं, एकेक गठ्ठा उलगडून पाहिला. मग वर जाऊन सिंक पाहिलं आणि खाली आल्या.

त्यांनी काही विचारायच्या आत आजोबाच पुढे झाले. "बाई, मी उघडला हो व्हॉल्व्ह. मला काय माहीत? मीच घात केला काकूंचा."

वायरमन मागून थेंबभाऊंना कोपराने ढोसत होता. आता फक्त गप्प राहायचं होतं. एक शब्दही खोटा बोलायला लागला नसता.

"व्हॉल्व्हवर काम चालू असल्याची चिठ्ठी वगैरे लावली होती का?" बाईंनी विचारलं.

थेंबभाऊंनी मेव्हण्याचं कोपर बाजूला सारलं.

"नव्हती," ते म्हणाले. "आणि आजोबांचा काही दोष नाही. नळ मी उघडा टाकून गेलो. सिंकवर फडकं मीच बसवलं होतं, नाहीतर पाणी जाळीतून निघून गेलं असतं. दुकानात गप्पा मारत उभा राहिलो. चूक माझी आहे, बाई. सगळीच्या सगळी."

काकूंनी हातातला गणवेश खाली ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

बाई लिहीत होत्या. "याआधी असं कधी झालंय?"

"छे, कधीच..." थेंबभाऊ सवयीने म्हणाले. बायको खोकली. "म्हणजे एकदा. पण तेव्हा खाली घर आमचंच होतं."

कंपनीच्या बाईसुद्धा हसल्या. मग म्हणाल्या, "अशाच गोष्टीसाठी असतो हा विमा. थोडा वाटा तुम्हाला स्वतःला उचलावा लागेल, बाकीचं आम्ही बघतो. आणि काकू, आता पुसायला हरकत नाही."

पुसायला पहिल्यांदा आजोबा वाकले, तर थेंबभाऊंनी त्यांच्या हातातून फडकं काढून घेतलं. दुपारी वायरमन घरून स्वतःच्या बायकोचं शिलाई मशीन खांद्यावर घेऊन आला. "तिला सांगितलं नाहीये," तो म्हणाला. काकू म्हणाल्या, "मग लवकर शिवते." कंपनीचा होकार आल्यावर कापडवाल्याने नवे ताके दिले. थेंबभाऊ तीन-चार संध्याकाळी काकूंच्या दुकानात खाली मान घालून बटणं लावत बसले. त्यांची बटणं काकू नंतर गुपचूप उसवून पुन्हा लावायच्या. तरी थोडे गणवेश राहिलेच. ते ज्यांचे होते त्या मुली पहिल्या दिवशी घरच्या कपड्यांत शाळेत गेल्या आणि भयंकर खूश झाल्या. ऑर्डर मात्र काकूंकडेच राहिली.

थेंबभाऊंना वाटलं, आता आपला फोन काही वाजत नाही. आठवडाभर वाजलाही नाही. मग वाजला. एका नव्या बिल्डिंगचं काम होतं. बायको फोनवर म्हणाली, "हो, आहे ना विमा, आहे. येतील ते." थेंबभाऊ रुसले. "माझा हात विचारायचा सोडून लोक विमा विचारतात!" पण जाताना शीळ घालत गेले.

त्या रविवारी वायरमन आला तो जरा अवघडूनच. चहा ढवळत बसला, ढवळतच राहिला.

"ताई," तो कपात बघत म्हणाला, "वायरमनचा पण निघतो का गं तसला विमा?"

थेंबभाऊंनी आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"निघतो की," ते म्हणाले. "पण तिथे सगळं खरं सांगावं लागतं. आधी माझ्यापाशी सांगून बघ. आजवर कुणाकुणाचं काय काय जाळलंस?"

मेव्हण्याने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं. मग कप खाली ठेवून सांगायला लागला.