पायांनी फाईल वाचणारी रेहाना

प्रिय ईशा आणि निखिल,

मागच्या रविवारी फोनवर ईशा म्हणाली, की तिथल्या सरकारी जंगलाच्या कार्यालयातली तिची पहिली नोकरी म्हणजे नुसते अर्ज तपासणे आहे. कुणाला जंगलातून विजेची तार न्यायची असते, कुणाला रस्ता हवा असतो, कुणाला मधाच्या पेट्या ठेवायच्या असतात. अर्ज घ्यायचा, रकाने बघायचे, पुढे पाठवायचा. "आजी, यात जंगल कुठे आहे?" असे तिने विचारले आणि मी काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन विषय बदलला. फोन ठेवल्यावर मला स्वतःचाच राग आला. मी आयुष्यभर हेच काम केले आहे. ईशाच्या प्रश्नाचे उत्तर मला एका मुलीने दिले होते, आणि तिच्याबद्दल मी तुम्हाला कधीच काही सांगितले नाही. हे मी इंग्रजीतही लिहू शकले असते, पण रेहानाचे बोलणे इंग्रजीत मावणार नाही. अडेल तिथे आईकडून वाचून घ्या.

रेहाना शेख चंद्रपूरला आमच्या वनखात्याच्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाली, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि मी कार्यालय अधीक्षक होते. वनजमिनीच्या वापराचे अर्ज घेणे हे तिचे काम. अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा, पोच द्यायची. दोन मिनिटांचे काम. रेहाना त्याला वीस मिनिटे लावी. समोरच्या माणसाला ती आधी बसवी, त्याचाच अर्ज त्याला मोठ्याने वाचून दाखवी आणि मग विचारी, "बरं भाऊ, आता सांगा. घरून निघाले, या जागेवर चालले, तं उजव्या हाताले काय लागते?"

पहिल्या आठवड्यात मी हे ऐकले आणि मला वाटले, मुलगी टिवल्याबावल्या करते आहे. सावली तालुक्यातला एक शेतकरी शेतात जायच्या रस्त्यासाठी अर्ज घेऊन आला होता. तो म्हणाला, "उजव्या हाताले? नाला लागते न बाई."

"मंग नाला कुठी लिवला तुम्ही?"

"नाला काऊन लिवा लागते? तो तं तिथीच हाये. सगळ्याईले माईत हाये."

"तुमाले माईत हाये, मले बी आता माईत झाला. साहेबाले कोण सांगन? तीन महिन्यानं कागद वापस येईन, मंग मलेच शिव्या देसान."

तो शेतकरी हसला आणि तिथेच बाकावर बसून त्याने नाला लिहून घेतला. त्याचा अर्ज परत आला नाही. त्या वर्षी रेहानाच्या हातून गेलेले फारच थोडे अर्ज परत आले, हे मी नंतर नोंदवह्यांतून ताडून पाहिले. मला तशी सवय आहे, हे तुम्ही जाणताच.

ती बल्लारपूरची. रोज सकाळच्या गाडीने येई आणि गाडी उशिरा आली की मस्टरवर सही करताना माझ्याकडे न बघता म्हणे, "आज इंजिनाचा मूड नव्हता मॅडम." तिचे अब्बा सागवानाचे फर्निचर करत. त्यामुळे कापलेले लाकूड हुंगूनही ती ओळखत असे, पण उभे झाड तिला एकही ओळखता येत नव्हते. "मेलेलं ओळखते, जितं नाई ओळखत," असे ती स्वतःच सांगे. मग ती फिरतीवरून आलेल्या वनरक्षकांना पाने आणायला लावू लागली. ऐन, धावडा, बिजा, मोह, तेंदू. रद्दीतल्या एका जुन्या आवक रजिस्टरात ती पाने दाबून ठेवी आणि खाली आपल्या भयंकर अक्षरात नावे लिही. एकदा साहेबांच्या टेबलावर गेलेल्या फाईलमधून बिज्याचे पान खाली पडले, तेव्हा मी तिला चांगलेच बोलले होते. तिने ऐकून घेतले, पान उचलले आणि म्हणाली, "हे मी कालपासून शोधून राह्यली होती मॅडम!"

आता पिंपरटोल्याची गोष्ट सांगते. गावाचे नाव मी बदलले आहे. पोंभुर्ण्याच्या बाजूला जंगलातच वसलेला गोंड लोकांचा हा छोटा टोला, म्हणजे पाडा. तिथल्या बाया जंगलातल्या पायवाटेने नाल्याकाठच्या विहिरीवर पाण्याला जात. आदल्या उन्हाळ्यात त्या वाटेवर वाघाने एका बाईचा दंड फाडला. ती वाचली, पण हात कामातून गेला. तेव्हापासून बाया दहा-बारा जणी मिळून, गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, वाजवत जात. विहिरीपासून टोल्यापर्यंत पाईप टाकायची योजना मंजूर झाली होती, मात्र पाईप वनजमिनीतून जायचा असल्याने आमची परवानगी हवी होती. मार्चअखेरच्या आत काम सुरू झाले नाही, तर योजना परत जाणार होती. म्हणजे आणखी एक उन्हाळा त्याच वाटेवर.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा फाईल माझ्या टेबलावर आली. ग्रामसभेचा ठराव होता, पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याने काढलेला नकाशा होता, आमच्या वनरक्षकाचा पाहणी अहवाल होता. 'मार्गात देवस्थान, स्मशान इत्यादी आहे काय?' या रकान्यात 'निरंक' लिहिलेले होते, म्हणजे काहीही नाही. इतकी नीटनेटकी फाईल मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. मी ती साहेबांकडे पाठवणार, तेवढ्यात रेहाना येऊन उभी राहिली.

"मॅडम, ही फाईल दोन दिवस थांबवा न."

"काय कमी आहे तिच्यात?"

"कमी काईच नाई. पण हा कागद टपालानं आला. एका बी गावकऱ्याचं तोंड पाहिलं नाई मी. कोणालेच विचारलं नाई, उजव्या हाताले काय लागते."

"रेहाना, पाहणी झाली आहे. फाईल पूर्ण आहे."

"पूर्ण हाये मॅडम. बरोबर हाये का, ते पाहा लागन. कागद पायानं वाचा लागते."

तिचा परिवीक्षा कालावधी, म्हणजे प्रोबेशन, अजून संपायचा होता आणि तिच्या गोपनीय अहवालावर सही माझीच होणार होती, हे तिला ठाऊक होते. मी नाही म्हटले. तर म्हणाली, "मंग शनिवारी सुट्टी हाये, माझी मी जाऊन येते अब्बाच्या गाडीनं." त्या जंगलात तिला एकटीला जाऊ देणे मला पटेना. अशा रीतीने, इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा, एका फाईलसाठी मी जंगलात गेले.

पाहणी करणारा वनरक्षक ताजणे सोबत होता. आपल्या अहवालावर शंका घेतल्यामुळे तो घुश्शात होता. म्हणाला, "रेहानाबाई, वाघ भेटला तं त्याले बी विचारसान का, उजव्या हाताले काय लागते?"

"विचारीन न भाऊ. पयले तुमाले समोर पाठवीन, मंग विचारीन."

टोल्यावर लच्चू मडावी नावाचे म्हातारे गृहस्थ भेटले. ते गावाचे भुमक, म्हणजे पूजा करणारे. ते आणि सात-आठ बाया आमच्याबरोबर निघाल्या. अभियंत्याच्या नकाशात पाईपची रेघ सरळ होती, पट्टीने मारलेली. रेहाना विचारत होती, लच्चूभाऊ सांगत होते: इथे वारूळ, इथे खडक, इथे अमक्याचा मोह. आणि मग एका ठिकाणी पायवाट डावीकडे वळली. समोर चढ नव्हता, खड्डा नव्हता, काटेरी जाळीही नव्हती. दाट, जुनी झाडे होती एवढेच. वाट त्या झाडांना मोठा वळसा घालून पलीकडे पुन्हा सरळ झाली होती.

"इथी उजव्या हाताले काय लागते, भाऊ?"

"काई नाई," लच्चूभाऊ म्हणाले.

"वाट वळली काऊन मंग?"

"वाट हाये. वळते कधी कधी."

ताजणे माझ्याकडे बघून म्हणाला, "मी बी हेच विचारलं होतं मॅडम. मंदिर हाये का? नाई म्हणे. काई हाये का? नाई म्हणे. मंग काय लिवू मी?"

मी बोलणार होते, पण रेहानाने माझ्या हाताला हलकेच स्पर्श केला. ती बायांच्या पायांकडे बघत होती. वळणाशी येताच त्यांनी चपला काढून हातात घेतल्या होत्या. बोलता बोलता, न थांबता, उंबरा ओलांडताना आपण पाय उचलतो तशा सहज. रेहानाने आपल्या चपला काढल्या आणि पुढे काहीही विचारले नाही. मग मीही काढल्या. माझे बूट नाडीचे होते. मी वाकून गाठी सोडत होते तेवढा वेळ त्या सगळ्या बाया थांबून राहिल्या. त्यातली एक पदराआड हसली आणि म्हणाली, "घाई नाई बाई, सावकाश."

वळसा संपल्यावर सगळ्यांनी चपला घातल्या. मग रेहानाने लच्चूभाऊंना विचारले, "भाऊ, पाईप बी वाटेसारखाच वळवला तं चालन का?"

म्हातारा तिच्याकडे वळला. "पाईपले डोळे असते," तो म्हणाला, "तं तो आपल्या मनानंच वळला असता पोरी."

"मंग आधी काऊन नाई सांगितलं?"

"पाणी पायजे होतं न. वाकडं बोललो तं पाणी जाईन, असं वाटलं. आन् ते कागदावर लिवाचं नसते. लिवलं, का कोणी पाहाले येते. पाहाले येते, मंग बोर्ड लावते."

परतताना जीपमध्ये मी नकाशावरची ती सरळ रेघ पुन्हा पाहिली. सरळ रेघेवर खोदाई सुरू झाली असती, तर पहिल्याच दिवशी गावाने ती अडवली असती किंवा, त्याहून वाईट म्हणजे, पाण्यासाठी अडवली नसती. आणि परवानगीच्या शिफारशीवर सही माझी असती. पण मार्ग बदलायचा तर कारण लिहावे लागणार, आणि खरे कारण लिहायचे नव्हते. खोटे लिहिणे मला जमणार नव्हते. मी तसे म्हटले तर रेहाना म्हणाली, "खोटं कोण लिवते मॅडम? झाडं मोजू."

दुसऱ्या दिवशी ती टोल्यावरच्या बायांना घेऊन, दोरी धरून, दोन्ही मार्गांवरची झाडे मोजून आली. सरळ रेघेत एकवीस झाडे तोडावी लागत होती, सगळी जुनी. पायवाटेच्या कडेने एकही नाही. रजिस्टरात दाबलेली ती पाने त्या दिवशी कामी आली. झाडांची नावे तिने स्वतः लिहिली होती.

सोमवारी अभियंता साहेब तणतणत आले. "सरळ पाईप सोडून वाकडा कशाला? पाईप जास्त लागेल, खोदाई जास्त लागेल."

"खोदाई गाववाले करून देतो म्हणते साहेब. आन् झाडं तुम्हीच सांगा, एकवीस पायजे का शून्य?"

"नाही, पण कारण काय एवढं?"

"कारण लिवलं हाये न. झाडं."

ते बराच वेळ पुटपुटले, पण नवा नकाशा त्यांनीच काढला. ग्रामसभा पुन्हा बसली. रेहानाने टपालाची वाट न बघता कागद स्वतः पोंभुर्ण्याला नेला आणि स्वतः आणला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात साहेबांची सही झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी टोल्यावर कुदळ पडली.

फाईल बंद करताना मी त्या रकान्याशी थांबले. नव्या अहवालातही तिथे 'निरंक' होते. मी रेहानाला विचारले, "हे असेच ठेवायचे?"

ती म्हणाली, "नव्या रस्त्यात काई लागत नाई मॅडम. म्हणून खरं हाये. जे लिवलं, ते सगळं खरं हाये. जे नाई लिवलं, ते त्याईचं हाये."

मी इंग्रजी शाळेत शिकले. सगळे स्वच्छ, पूर्ण आणि क्रमवार लिहावे, म्हणजे प्रामाणिकपणा झाला, असेच मी मानत आले होते. कागदावर न आणण्यातही प्रामाणिकपणा असू शकतो, हे माझ्या निम्म्या वयाच्या मुलीकडून मी शिकले. तिच्या गोपनीय अहवालात मी 'उत्कृष्ट' लिहिले. अक्षराबद्दल मात्र जे लिहायला हवे होते तेही लिहिले.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी तिची बदली गडचिरोलीत, सिरोंच्याकडे झाली. जाताना भेटायला आली, तेव्हा तेलुगू कशी शिकायची याचीच तिला काळजी. "उजवा हात म्हणजे कुडी चेय्यी, एवढं शिकली मॅडम. बाकी लोकं शिकवतीन." ती आता वरिष्ठ लिपिक आहे. ईदला आणि दिवाळीला न चुकता तिचा फोन येतो.

मागच्या उन्हाळ्यात मी पिंपरटोल्याला जाऊन आले. लच्चूभाऊ आता नाहीत. पाईप पायवाटेच्या कडेने जातो आणि त्या ठिकाणी वाटेबरोबर डावीकडे वळतो. सकाळी दोन तास नळाला पाणी येते. बाया विहिरीवर जात नाहीत. एकवीसच्या एकवीस झाडे उभी आहेत.

तुमची,
आजी